गळती

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा. समजा, तुम्ही दिवसभर उभ्याने राबून घरी आला आहात. पाठीत कळ, पायांचे नुसते ओंडके झालेत आणि दारातून आत येताच समोर विजेचं बिल. आलं डोळ्यांपुढे? आता तुमच्या जागी भुंगीच्या आईला उभं करा.

हॉस्पिटलात तिला सगळे मावशी म्हणत. रुग्णांची कूस बदलायची, चादरी बदलायच्या, बेडपॅन न्यायचं, हे तिचं काम. घरचं बिल फुगायला लागलं तशी ती डबल ड्यूटी करू लागली. सकाळची पाळी संपली की तिथेच डबा खायचा आणि पुन्हा वॉर्डात उभं राहायचं. बिल उतरलं की दुसरी पाळी सोडायची, एवढीच तिची आस होती.

म्हणून यंदा घरात काहीतरी बदलायचं ठरलं होतं. पण पैसा एकाच कामापुरता. छापखान्यात मशीन चालवणाऱ्या तिच्या नवऱ्याला वाटे, गीझर बदलावा. ती म्हणे, फ्रिज. मेला दिवसरात्र घुरघुरतो, क्षणभर गप्प बसत नाही. भुंगीला कोणी विचारलं नव्हतं, तरी तिने पंखा सुचवला. आवाज आपल्याकडे आणि वारा शेजारी, असला कसला पंखा, असं तिचं म्हणणं.

शेवटी वायरमनला बोलावलं. मावशी तेव्हा ड्यूटीवर होती. त्याने घरभर फिरून सगळं पाहिलं आणि घाईने जाता जाता सांगितलं, "बाकी सगळं नंतर. आधी गळती बंद करा."

नवऱ्याने मान वर केली. छताला ओल आली होती, मोठा डाग पडला होता. पाणी भिंतीत उतरतं, वायरी भिजतात, करंट मुरतो आणि बिल चढतं, असं त्याने स्वतःच ताडलं. सुट्टी टाकून त्याने त्याच पैशांत छताचं काम करवून घेतलं. मावशी घरी आली तेव्हा तो कौतुकाने तिला वरचा डाग दाखवत होता, म्हणजे जिथे डाग होता ती जागा.

आणि आज बिल आलं होतं. जसंच्या तसं.

वायरमनला पुन्हा बोलावलं. त्याने छताकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो दादा, मी फ्रिजच्या दाराबद्दल बोललो होतो. गार हवा गळतेय त्याची."

भुंगीने लगेच विचारलं, हवा कशी गळेल, ती काय पाणी आहे? तेव्हा त्याने तिच्याकडून वहीचं एक पान मागून घेतलं, फ्रिजच्या दारात धरलं आणि दार लावलं. मग तिला पान ओढायला सांगितलं. पान अलगद बाहेर आलं. दार घट्ट असतं तर पान अडकलं असतं, तो म्हणाला. कडेचं रबर पार मेलं होतं आणि इतक्या जुन्या फ्रिजला बसेल असं रबर आता मिळत नव्हतं. फ्रिजच बदलायला हवा होता. पैसे न घेताच तो निघून गेला.

नवरा खाली मान घालून बसला होता. मावशीने पायातली चप्पलही अजून काढली नव्हती.

"मी विचारायला हवं होतं त्याला, कसली गळती म्हणून," तो म्हणाला.

 ती भिंतीला टेकून खाली बसली आणि चप्पल काढू लागली.

"जाऊ दे. छत तर कोरडं झालं," ती म्हणाली. "अजून एक वर्ष करते डबल."

आणि बसल्या जागीच तिचा डोळा लागला. नवऱ्याने हलकेच तिच्या डोक्यामागे उशी सरकवली.

भुंगी पान हातात घेऊन उभी होती. तिने ते पुन्हा फ्रिजच्या दारात धरलं, दार लावलं आणि दाराला पाठ लावून सगळा जोर दिला. हात मागे नेऊन पान ओढून पाहिलं. निघालं नाही. मग तिने पायानेच दप्तर जवळ ओढलं आणि तशीच, दाराला पाठ घट्ट टेकून, खाली बसून अभ्यास करू लागली.