आठ दात

यशोधराने शाळेच्या मोठ्या स्क्रीनवरचा झेंडूचा हार ओढून काढला. दसऱ्याला घातलेला हार; आता दिवाळीही सरली होती. हातात आला तो नुसता दोरा, फुलांचा चुरा फरशीवर पडला. मग ती खाली वाकून स्क्रीनच्या आच्छादनाची नाडी सोडू लागली. गाठीवर गाठ मारलेली होती. नखांनी सुटेना, तेव्हा तिने कुणाच्या तरी कंपासपेटीतलं कर्कटक घेतलं आणि गाठीत खुपसलं.

"मॅडम, अहो थांबा," मुख्याध्यापक गोरक्षनाथ दरंदले गुरुजी दारातूनच म्हणाले. "अध्यक्षांना विचारलंय का?"

"तुम्हाला सांगितलंय. कालच."

"मी हो म्हणालो नव्हतो."

"नाहीही म्हणाला नव्हतात, गुरुजी."

गुरुजी म्हणजे निवृत्तीला चौदा महिने राहिलेला माणूस. उभ्या नोकरीत कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि उरलेले महिनेही तसेच काढावेत एवढीच त्यांची इच्छा. ते आत आले, चुरा पायाने बाजूला सारला आणि पालकांसाठी सतरंजी अंथरू लागले.

घोडेगावपासून चार किलोमीटरवरच्या खडकवस्तीने लोकवर्गणी काढून हा स्क्रीन घेतला होता. मोठा वाटा शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आसारामभाऊ यांचा, म्हणून चौकटीवर त्यांचं नाव. आल्यापासून तो उद्घाटनाला लागला, पंधरा ऑगस्टला लागला, आणि तालुक्याचे साहेब आले तेव्हा लागला. एरवी शनिवारी स्कॉलरशिपला बसणारी पाच हुशार मुलं तेवढी त्याच्यासमोर बसत. बाकीच्या पोरांना त्याचं आच्छादनच ओळखीचं. दसऱ्याला मात्र त्याची यथासांग पूजा होई. असून अडचण, नसून खोळंबा, दुसरं काय!

शहरातल्या सावेडीहून रोज स्कूटरवर येणाऱ्या यशोधरा भिंगारदिवेला या गोष्टीचा पहिल्या दिवसापासून संताप होता. हुशार पोरं कशानेही शिकतात, फळ्याने शिकतात, फळा नसला तरी शिकतात. यंत्राची गरज आहे ती फळा ज्यांच्याशी बोलत नाही त्यांना. हे तिने दोन सभांमध्ये सांगून पाहिलं. दोन्ही वेळा चहा आला आणि विषय संपला. मग तिने स्वतःचा तडकलेल्या काचेचा मोबाईल वर्गात आणला. ओमला कविता वाचून कधी पाठ झाली नाही. तीच कविता त्याच्या कानाला लावली, तर दुसऱ्या खेपेला तो घडाघडा म्हणू लागला. आणि मोनिका.

मोनिका सातवीत होती. सात वर्षांत तिच्या वहीत सलग एक ओळ कुणी पाहिली नव्हती. अक्षरं जागेवर थांबत नाहीत, असं ती सांगे, आणि लोक हसत. मात्र जनावरांचा विषय निघाला की तिची टकळी सुरू. तिचे वडील पुंजाराम जनावरांचे दलाल. गोठ्यात सात जनावरं, त्यातली निम्मी येती-जाती. यशोधराने दिवाळीच्या आधी मोबाईल तिच्या हातात दिला होता.

"तुला जे येतं ते दाखव. बोल. मग त्याच्यावर लागतील तेवढेच शब्द लिही. एक लिहिलास तरी चालेल."

मोनिकाने काचेवर बोटाने अक्षरं काढायला सुरुवात केली. अक्षर नखाएवढं असो की हाताएवढं, काच ते घेत होती. चुकलं की एका बोटाने पुसायचं, मागे काही राहत नाही. ना खाडाखोड, ना लाल शाई. तीन आठवड्यांत तिने चार शब्द लिहिले. यशोधराला ते चार शब्द एखाद्या निबंधाहून मोठे वाटले होते आणि त्या दिवशी स्कूटर चालवताना तिचे डोळे भरून आले होते.

आणि परवा पुंजारामचा निरोप आला. पालकसभेला येतो, पोरीचा दाखला काढून ठेवा. सातवीपर्यंत ढकलत आणली, एक अक्षर येत नाही, तिच्या आईला गोठ्यात एकटीला उरकत नाही.

म्हणून आज आच्छादन निघालं होतं. सगळ्या वस्तीसमोर, त्या बापाच्या डोळ्यांसमोर, त्याच्या पोरीला काय येतं ते हाताएवढ्या अक्षरांत दाखवायचं, हे यशोधराने ठरवलं होतं. सकाळी तिने मोनिकाला विचारलं होतं, "दोन व्हिडिओ आहेत तुझे. गाईचा लावू की म्हशीचा?"

"म्हशीचा," मोनिका म्हणाली.

अकराच्या सुमारास माणसं जमली. चाळीसेक पालक, बाया भिंतीला टेकून, गडी पुढे, बाजूला मुलामुलींच्या रांगा. आसारामभाऊ आले ते थेट खुर्चीकडे निघाले आणि उघड्या स्क्रीनपाशी थबकले.

"ह्ये कुनी काढलं?"

"मी काढलं, भाऊ," यशोधरा म्हणाली.

"स्कॉलरशिपच्या पोरांसाठी हाय ह्यो. ठरलं हुतं."

"वर्गणी काय फक्त त्या पाच जणांच्या घरची होती?"

मागे बायांमध्ये कुणीतरी खुदकन हसलं. आसारामभाऊंनी गुरुजींकडे पाहिलं, गुरुजींनी हजेरीपटाकडे.

"आज तुम्ही बघा," यशोधरा म्हणाली. "बघून झाल्यावर तुमच्या हातानं झाकायचा असेल तर झाका. मी अडवणार नाही. पण बघायच्या आधी नाही."

तिचं आडनाव ऐकलं, की जात कळे आणि या वस्तीत सहसा पुढचा प्रश्न कुणी विचारत नसे, आणि ती एवढ्या आवाजात बोलेल असं कुणाला वाटलं नव्हतं. आसारामभाऊ खुर्चीत बसले. पुंजाराम दारापाशी उभाच होता, टोपी हातात घेऊन, दाखला मिळाला की निघायच्या बेताने.

तिने व्हिडिओ लावला.

स्क्रीनभर म्हशीचं तोंड आलं. कपाळावर पांढरा टिकला, उजव्या कानाचं टोक तुटलेलं. मग मोनिकाचा आवाज आला, वर्गात कधी न निघणारा, खणखणीत.

"ही म्हैस. हिचं वय कसं वळखायचं? तर दात बघायचे. खालचेच बघायचे, वर म्होरचे दात नसत्यातच."

यशोधराला ही गोष्ट त्या व्हिडिओनेच पहिल्यांदा कळली होती. सतरंजीवर मात्र माना डोलल्या. दारातल्या पुंजारामचीही डोलली. त्याचेच शब्द होते ते, त्याच्याच लकबीने उच्चारलेले. पोरीने ते कधी ऐकले आणि कधी साठवले, त्याचा त्याला पत्ता नव्हता. तो एक पाऊल आत आला.

"समदे दुधाचे असले, की आदत," मोनिका सांगत होती, आणि स्क्रीनवर तिच्या हातचा शब्द उमटला, वाकडा पण पुरा. "दोन मोठे आले, की दोनदाती. चार आले, की चारदाती. आठी आले, की जुळलेली." एकाखाली एक चार शब्द उभे राहिले.

"हे तिनं लिहिलंय," यशोधरा मोठ्याने म्हणाली. "मोनिकानं. एकटीनं."

व्हिडिओत लहानशा हाताने म्हशीचा ओठ खाली ओढला.

"आता मोजा. दोन, चार, सा, आठ. ही जुळली. वरनं झिजल्यात पन, म्हंजी जुळून लई वर्सं झाली. शिंगावरच्या वळ्यांवरनं वेतं मोजत्यात, पन हिच्या वळ्या दिसायच्या न्हाईत. शिंगं तासून साळल्यात. हात फिरवला, की कळतं."

व्हिडिओ थांबला. यशोधरा टाळीची वाट पाहत उभी होती. टाळी आली नाही. सगळे आसारामभाऊंकडे बघत होते.

"परत लावा," आसारामभाऊ म्हणाले.

"सगळा?"

"कानापासनं."

तिने परत लावला. पांढरा टिकला, तुटका कान. दुसऱ्यांदा आठ दात मोजले गेले तेव्हा भिंतीपासच्या एका बाईने पदर तोंडाला लावला. यशोधराने हा व्हिडिओ किमान अकरा वेळा पाहिला असेल, पण ती शब्द पाहत होती. सावेडीत वाढलेल्या बाईला म्हैस म्हणजे म्हैस. वस्तीला ती म्हैस नावानिशी ठाऊक होती. दिवाळीच्या पाडव्याच्या मुहूर्तावर पुंजारामने ती आसारामभाऊंच्या गोठ्यात बांधली होती, चारदाती, दुसऱ्या वेताची तरणी म्हणून. आणि आसारामभाऊंनी तिचं तोंड उघडून पाहिलं नव्हतं. बाजारात परक्याच्या जनावराचे दात बघावेत. वस्तीतल्या माणसाने शब्द दिल्यावर म्हशीच्या तोंडाला हात लावणं म्हणजे त्या माणसाच्या तोंडाला हात लावणं. आजवर कुणी ते केलं नव्हतं.

"पुंजाराम," आसारामभाऊ मागे न बघताच म्हणाले, "चार म्हनला हुतास."

पुंजारामच्या हातातली टोपी पार चुरगळली होती. "पोरीला काय कळतंय, भाऊ? लेकराचा खेळ त्यो."

"आठ मोजले तिनं. मी बी मोजले."

आता यशोधरालाही उमगलं. आपण हे काय करून बसलो? बापाला पोरीचा अभिमान वाटावा म्हणून केलेला खटाटोप, आणि भरसभेत त्याची अब्रू त्याच पोरीच्या तोंडून गेली. ती बंद करायला पुढे झाली.

"ऱ्हाऊ द्या, म्हॅडम," मोनिका म्हणाली.

ती मुलींच्या रांगेतून उठून उभी राहिली होती. हात मागे बांधलेले, मान वर. तिच्याकडे बघताना यशोधराला लख्ख कळलं, की सकाळी दोन व्हिडिओंतला तिने म्हशीचाच का निवडला, आणि उत्तर द्यायला तिला क्षणही का लागला नाही. व्हिडिओ काढला तेव्हा म्हैस विकलेली नव्हती. पण आज सकाळी, ती कुणाला आणि काय सांगून विकली, हे पोरीला ठाऊक होतं.

"गुरुजी, दाखला द्या," पुंजाराम म्हणाला. आवाज चढला होता. "आत्ताच्या आत्ता. बापाची लाज काढायला शिकीवता व्हय शाळंत? अक्षार येत न्हाई तिला एक, आन म्हनं..."

"दाखला काढू नका, पुंजारामभाऊ," यशोधरा म्हणाली. "चूक माझी आहे, मला बोला. तिचं शिक्षण तोडू नका."

"तुमी बोलू नगा मॅडम. माजी पोर हाय."

"ह्या पोरीला शुक्रवारी माज्यासंगं बाजारला धाडा," आसारामभाऊ मध्येच म्हणाले. "मला दात बघाया मानूस पायजेच हाय."

"शुक्रवारी शाळा असते," यशोधरा इतक्या जोरात म्हणाली, की तेही चपापले.

गुरुजींनी खाकरून घसा साफ केला. "दाखल्याला अर्ज लागतो. लेखी."

"मग लिव्हा की."

"मी लिहिलेला चालत नाही. पालकाचा लागतो."

पुंजारामला लिहिता येत नव्हतं, हे सभेला ठाऊक होतं. त्याने इकडे तिकडे पाहिलं. एरवी वस्तीत कुणाचाही कागद कुणीही लिहून देई. आज आसारामभाऊंनी मान खिडकीकडे वळवली, तसं शेजारच्याला एकदम आढ्यातलं काहीतरी दिसलं. दोघं-तिघं आपापल्या पायाची नखं बघत राहिले. पुंजारामची नजर फिरत फिरत स्क्रीनवर गेली. तिथे ते चार शब्द अजून तसेच होते. त्याने ते बराच वेळ पाहिले.

"मोने, हिकडं ये," तो म्हणाला. "तू लिव्ह."

मोनिका पुढे आली. गुरुजींनी टेबलावरचा कोरा कागद आणि खिशातलं पेन तिच्यापुढे केलं. यशोधराला वाटलं, मध्ये पडावं, कागद फाडावा, काहीही करावं. पण पोरीने पेन घेतलंसुद्धा. तिने ते नीट पकडलं, तीन बोटांत, जसं काचेवर लिहू लागण्याआधी तिला कधीच पकडता येत नव्हतं. मग कागद उचलून बापाच्या हातात दिला. कोराच.

"मला लिव्हता येत न्हाई, आबा," ती म्हणाली. "तुमीच म्हनता."

तिच्या मागे, भिंतभर, आदतपासून जुळलेलीपर्यंत तिचं अक्षर उभं होतं. बाप त्या कागदाकडे बघत राहिला. त्याच्या तोंडातून शिवी निघेल असं सगळ्यांना वाटलं, पण तो खाली बसला, तिथेच, सतरंजीच्या कडेला, कागद गुडघ्यावर ठेवून. संध्याकाळी आपण या पोरीबरोबर तिच्या घरापर्यंत चालत जायचं आणि चहा होईपर्यंत तिथून उठायचं नाही, हे यशोधराने उभ्या उभ्या ठरवलं.

दरंदले गुरुजींनी मोनिकाच्या हातातून पेन परत घेतलं, टोपण लावलं आणि खिशात ठेवलं.

"अर्ज आला की बघू," ते म्हणाले. मग आसारामभाऊंकडे न बघता त्यांनी हजेरीपट मिटला.

"मॅडम, पुढचा व्हिडिओ कुणाचा आहे? लावा."