डाव्या हाताची गाडी

कडबा कापायच्या कुट्टी मशीननं कलाबाईच्या उजव्या हाताची चार बोटं नेली, अंगठा तेवढा ठेवला, आणि घरातल्यांनी बाईला जिवंतपणीच कोपऱ्यात बसवायचं ठरवून टाकलं. तसे सगळे गोडच बोलत होते हां. 'तू पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू नको', 'तू नुसती सांग, आम्ही करतो'. पण ती सांगायला तोंड उघडायची तोवर तिच्या वतीनं दुसरंच कुणीतरी बोलून मोकळं झालेलं असायचं.

बोलणारा बहुतेक वेळा गोटीराम. तिचा थोरला दीर. मखमलाबादच्या त्या मळ्यात पाण्याची मोटर चालू कधी करायची इथपासून पोरांची लग्नं कुठं जमवायची इथपर्यंत सगळं गोटीरामच्या शब्दावर. माणूस वाईट नव्हता, पण एकदा 'झालं ठरलं' म्हणाला की त्याच्यापुढं देवाचंही चालत नसे.

"गाडी आता महेशला देऊ," तो एका सकाळी चहा पिता पिता म्हणाला. महेश म्हणजे त्याचा पोरगा. "जाता जाता फुलं व्यापाऱ्याकडं टाकंल, तसाच पुढं कामाला जाईल. पडून पडून गाडी खराब होती. झालं ठरलं."

कलाबाईनं कप खाली ठेवला. गाडी कुणाची? तिची! मोरपंखी रंगाची, बिनागिअरची, पुढचा फायबर दोन ठिकाणी तडकलेला, पण तिची. रोज पहाटे मागं झेंडूचे दोन क्रेट बांधायचे, पायाशी शेवंतीची गोणी ठेवायची आणि पेठ नाक्यावरून थेट गणेशवाडीचा फूलबाजार गाठायचा, हे ती कितीतरी वर्षं करत आली होती. तिथं ती कुणाची सून नव्हती, कुणाची भावजय नव्हती. तिथं ती कलामावशी होती. व्यापाऱ्यानं वजनात लबाडी केली तर सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं झापणारी. घरात जे बोलता येत नसे ते सगळं ती तिथं बोलून घ्यायची, आणि दिवस बरा जायचा.

आता महेश फुलं व्यापाऱ्याकडं टाकणार म्हणजे बाजारातली तिची बसायची जागा गेलीच. रिकामी जागा तिथं कोण राहू देतो? शेजारी बसणारी सखुबाई बिचारी फोन करून करून दमली होती. "तुझ्या जागंवर माझी पाटी ठिवते गं, पण ते नवं पोरगं दोनदा सरकवून बसलं. दसऱ्याच्या आत ये बाई. नायतर मग मला बोल लावू नको."

दसरा तर तोंडावर आला होता. मळ्यात झेंडू असा फुलला होता की बघत राहावं, आणि तो विकायला जाणारी बाई घरात बसून फुलांच्या काड्या खुडत होती, तेही एका हातानं.

त्या दुपारी घरात कुणी नव्हतं. कलाबाई गेली आणि पडवीतल्या गाडीवर बसली. उजव्या मुठीवर तळवा टेकवून पिळून पाहिलं. तळवा सरकला. अंगठ्यानं जोर दिला तर मनगटातून कळ आली ती थेट खांद्यापर्यंत. तिनं गाडीला एक शिवी दिली, मग स्वतःला दिली. मग डावा हात डाव्या मुठीवर ठेवला आणि तशीच बसून राहिली. डावा हात अगदी धडधाकट होता. त्याला काय झालं होतं? ब्रेकही डाव्याच हाताला होता आणि तो एकच दाबला की दोन्ही चाकं धरत होती. अडलं होतं ते फक्त उजवीकडच्या त्या एका मुठीपाशी.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला विचारलं, "अहो, एक्सलेटर डाव्या बाजूला घेतला तर?"

तिचा नवरा भिकन. हा असा माणूस की थोरल्या भावासमोर खोकला आला तरी उठून बाहेर जायचा. तो गोंधळला. "कंपनीनं उजवीकडंच दिलाय ना गं."

"कंपनीला काय माझा हात माहीत होता?"

"दादाला काय सांगायचं?"

"दादाला काय सांगायचं नाय. तुम्ही पान्हा धरायचा, मी सांगते कुठं लावायचा."

आता, ही बाई गाडीतलं काहीच न कळणारी असती तर गोष्ट तिथंच संपली असती. पण पहाटेच्या अंधारात भर रस्त्यात केबल तुटली की कुठलं गॅरेज उघडं असतं? केबल बदलायची, प्लग पुसायचा, ब्रेक आवळायचा, हे ती केव्हाच शिकली होती. मागं फुलांच्या क्रेटसाठी लोखंडी कॅरिअर बसवलं तेही तिनंच, वेल्डिंगवाल्याच्या डोक्यावर उभी राहून. आता तिचं डोकं आणि भिकनचे हात, अशी जोडी जमली.

दोघांनी गाडी मागच्या शेडमध्ये नेली. हँडलवरचा फायबर उतरवला. स्क्रू हरवू नयेत म्हणून लोणच्याच्या बरणीच्या झाकणात ठेवले. उजवी मूठ तिच्या आतल्या नळीसकट काढली. केबल डावीकडं पुरेना, म्हणून भिकन भद्रकालीत जाऊन जुन्या सामानाच्या दुकानातून लांब केबल घेऊन आला. दुकानदारानं कशाला हवी विचारलं तर हा बाबा म्हणाला, सायकलला! घरी येऊन त्यानं ते इतक्या गंभीर तोंडानं सांगितलं की कलाबाई खो खो हसत सुटली. हात गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती. भिकन बघतच राहिला तिच्याकडं.

आणि मग झाला घोळ.

मूठ डावीकडं बसवली, केबल जोडली, गाडी बांधावर काढली. कलाबाईनं किक मारली, गाडी सुरू झाली. तिनं सवयीनं मूठ आपल्याकडं पिळली. काहीच नाही. पुन्हा पिळली. ढिम्म! मग ती जरा चिडून मूठ इकडंतिकडं हलवायला गेली आणि मूठ पुढच्या बाजूला फिरली मात्र, गाडी अशी उधळली की विचारू नका. ती घाबरून मूठ गच्च धरून पुढं वाकली, म्हणजे मूठ आणखीच फिरली. गाडी बांधावरून खाली, शेवंतीच्या दोन सऱ्या आडव्या करत, पाटाच्या चिखलात. कलाबाई एकीकडं, गाडी एकीकडं.

आवाज ऐकून सगळे धावले. गोटीराम तर पायात चप्पल न घालताच आला. ती धड आहे हे बघितलं आणि मग मात्र त्याच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"लाज हाय का काय? एक हात गेला तेवढ्यावर भागलं नाय? आता काय मान मोडून घ्यायची? अन् तू रे भिकन! बायको खुळ्यासारखी करती अन् तू पान्हे देतो तिला?"

भिकन पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

"उद्या सकाळी महेश गाडी नेईल," गोटीराम म्हणाला. "झालं ठरलं."

कलाबाई चिखलात बसूनच होती. तिला रडू आलं. पडल्याचं नव्हे, ढोपर खरचटल्याचंही नव्हे. तिच्या गाडीबद्दल तिच्यासमोर बोलणं चाललं होतं आणि तिला कुणी विचारतसुद्धा नव्हतं, याचं आलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण दिरापुढं रडायचं नाही म्हणून तिनं डोळे पदरानं पुसले, तर पदराचा चिखल तोंडाला लागला. लागू दे.

सगळे गेल्यावर ती भिकनला म्हणाली, "उचला गाडी."

"कला, जाऊ दे ना आता."

"का जाऊ दे? माझंच काय काय जाऊ द्यायचं?"

भिकननं गाडी उचलली.

शेडमध्ये बसून ती मुठीकडं एकटक बघत राहिली. असं उलटं का झालं? गाडीत तर बिघाड नव्हता. आणि मग तिला एकदम कळलं, आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. उजवी बाही उचलून डाव्या खांद्याला शिवली तर ती उलटीच बसणार की! मूठ तशीच्या तशी उचलून या बाजूला लावली, तर फिरणारही उलटीच. तिला केबल दुसऱ्या अंगानं ओढायला हवी होती.

नळीच्या टोकाला छोटं चाक असतं आणि त्याच्या खाचेत केबलचा मणी अडकतो. तिनं कानस मागितली. भिकननं दोन्ही हातांनी नळी दाबून धरली आणि तिनं डाव्या हातानं घासून चाकाच्या दुसऱ्या बाजूला नवी खाच पाडली. डाव्या हाताला कानशीची सवय कुठली! दोनदा निसटली, एकदा भिकनच्या बोटाला लागली. तो नुसता 'स्स' म्हणाला आणि हात हलवला नाही. वरून येणारी केबल तिनं आता खालून घेतली, मणी नव्या खाचेत बसवला. मूठ आपल्याकडं पिळली. कार्बोरेटरपाशी कान लावून बसलेला भिकन म्हणाला, "उघडलं."

"परत सांगा."

"उघडलं गं! अन् सोडलं की मिटलं."

उजवीकडं आता नुसती मुकी मूठ होती, तिकडची ब्रेकची दांडीही काढून टाकली होती. मुठीला फिरायचं कामच नव्हतं, हँडल सांभाळायला आधार दिला की झालं. तिच्यावर कलाबाईनं ट्यूबचं रबर गुंडाळलं. तळवा सरकू नये म्हणून काय लावावं याचा ती विचार करत होती, तोवर भिकन घरात गेला, आपला लग्नातला चामडी पट्टा घेऊन आला आणि तिनं काही म्हणायच्या आत विळ्यानं कापला. त्या तुकड्याचा त्यानं मुठीभोवती सैल फासा केला. तळवा आत सरकवला की हात धरून राहायचा, पडायची वेळ आली तर लगेच सुटायचा. हे मात्र सर्वस्वी त्याच्या डोक्यातलं. कलाबाईला त्या क्षणी नवरा फार आवडला.

ऊन उतरेपर्यंत ती पाटाकडच्या रस्त्यावर चकरा मारत होती. आधी पाय खाली घासत, मग पाय वर घेऊन, मग मागं रिकामे क्रेट बांधून, शेवटी भरलेले.

सकाळी महेश आला. मागं कमरेवर हात ठेवून गोटीराम. क्रेट भरून तयारच होते.

"काकू, नेऊ का?" महेशनं विचारलं. पोरगं तसं चांगलं, नजर वर करत नव्हतं.

"ने की. चालव."

महेश बसला. उजवी मूठ पिळली. मूठ जागची हलेना. "हे काय, जाम झालंय का?"

"ती टेकायची हाय. पिळायची इकडं."

त्यानं डावी मूठ पिळली. गाडी एक हिसका देऊन उठली. घाबरून त्यानं सवयीनं उजवीकडचा ब्रेक चाचपला, तिथं ब्रेकच नव्हता. तोवर गाडी पाण्याच्या टाकीवर जाऊन धडकली. दुसऱ्यांदा बसला तर नागमोडी जात गोठ्यात शिरला, आणि म्हशीनं मान वर करून बघितलं. तो उतरला, हसला आणि गाडी ढकलत परत घेऊन आला.

"काय रे, शिकशील उद्यापरवा," गोटीराम म्हणाला.

"शिकंल की, आबा. अवघड नाय." महेशनं गाडी स्टँडवर लावली आणि चावी कलाबाईच्या डाव्या हातावर ठेवली. "पण मला नाय शिकायचं. काकूची गाडी हाय ती. मी जाईन बसनं."

गोटीरामचं तोंड तांबडं लाल झालं. पोराला बोलावं तर पोरगं निघालंच होतं. तो कलाबाईकडं वळला. "कायद्यात तरी बसतं का हे? पोलिसानं धरलं तर?"

"आरटीओत नेणार हाय मी. दाखवीन, चालवून दाखवीन, अन् जे लिहून घ्यायचं ते घेईन. ते नाय म्हणले तर परत जाईन."

"ते काय नाय. संध्याकाळपर्यंत गाडी पहिल्यासारखी करून ठेव. झालं ठरलं."

इतकी वर्षं या दिराशी बोलताना कलाबाईची नजर त्याच्या पायांवर असायची. आज तिनं ती वर आणली. उजवा हातही वर केला, पदराआड न लपवता, चार बोटांच्या जागी जे काही उरलं होतं ते त्याला नीट दिसेल असा.

"आधी हा पहिल्यासारखा करून द्या, दादा. मग मी गाडी करते."

एवढ्यात भिकन पुढं झाला, थोरल्या भावाच्या समोरून गेला आणि क्रेटचा दोर आवळायला लागला. दोर आधीच आवळलेला होता. तरी त्यानं पुन्हा एकदा आवळला.

कलाबाईनं हेल्मेट घातलं, पट्ट्यात उजवा तळवा सरकवला आणि किक मारली. गाडी सुरू झाली. फाटकात गोटीराम अजून तसाच उभा होता, मधोमध. जागचा हलेना. कलाबाईनं क्षणभर वाट पाहिली. मग डाव्या अंगठ्यानं बटण दाबलं आणि थोरल्या दिराला चांगला लांब हॉर्न दिला.

तो बाजूला झाला.