ताटाएवढा शिक्का

मित्रांनो, मी सोनोग्राफीची एक जुनी मशीन आहे. पोटातली बाळं दाखवणारी नव्हे. मी जिवंत गुरांच्या बरगड्यांमधलं मांस दाखवते. ब्राझीलमधल्या एका कुरणात मी राबले. मला चालवणारी एडिलेनी गुराच्या कुशीवरचे केस कातरायची, स्वयंपाकाचं तेल चोळायची आणि माझं टोक डाव्या बरगडीवर टेकवायची. मी आवाज आत सोडायची, परतणाऱ्या आवाजाचं चित्र काढायची. मांस किती भरलं? त्यात चव आणि भाव वाढवणारे चरबीचे पांढरे कण पडले का? वरून हे कोणालाच कळत नाही, कितीही मिशा पिळा. मला मात्र दर खेपेला नवी उत्सुकता.

त्या दिवशी रांगेत पहिली आली झाबुतिकाबा नावाची कालवड. आई नेलोर जातीची, बाप अँगस जातीचा, रंग काळाभोर. गुराखी जेनेझियोनं तिला बाटलीनं वाढवलेलं. मांसात कण दिसले तर पैदाशीला ठेवायची, नाहीतर कत्तलखान्याचा ट्रक उभाच होता.

चित्र काळंकुट्ट आलं.

"चढवा हिला," मालकीण दोना झुल्मिरा म्हणाली.

"बाई, लेकरासारखी वाढवलीय."

"मग जा तिच्यासोबत ट्रकात बसून!"

एडिलेनी माझ्या पडद्याकडे बघतच राहिली. "मागच्या खेपेला कण दिसायला लागले होते. गेले कुठे?" तिनं कातडीवर बोट फिरवलं. "दोना झुल्मिरा, मध्यंतरी तुम्ही डागलंत ना? शिक्का नेमका माझ्या जागेवर बसलाय. भाजलेल्या कातड्यातून काय दिसणार?"

"माझ्या नावाचा शिक्का ताटाएवढा घडवलाय मुद्दाम. रस्त्यावरून दिसायला हवा."

"रस्त्यावरून दिसतो की. आतलं दिसत नाही."

गड्यांच्या हातातला तेरेरेच्या थंड काढ्याचा पेला फिरायचा थांबला. मालकीण लालबुंद झाली. "उजवीकडून बघ. रिकामी निघाली तर तू घरी चालत जायचंस."

उजवीकडे पुन्हा केस कातरले, तेल चोळलं. मी आवाज सोडला. खवलेलं खोबरं विखुरल्यासारखे कणच कण!

जेनेझियो कालवडीच्या मानेला बिलगला. "आता हिलाच चाटत बसू नकोस," मालकीण खेकसली, "फाटक उघड, कुरणात सोड तिला."

मित्रांनो, आता मी कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी पडून आहे. वायर उंदरांनी कुरतडली. मला पुसा, नका पुसू. पण आत बघायला यंत्र आणायचं आणि बघायची जागाच आपल्या नावानं जाळायची, हा माज सोडा. जनावर तक्रार करत नाही म्हणून काहीही कराल?

झाबुतिकाबाला वासरू झालंय. त्याचा शिक्का मांडीवर, तोही लहान. बरगड्या कोऱ्या आहेत. आत काय असेल हो? एकदा तरी बघू द्या.