झांबियाचा दुसरा नंबर

"कंट्री?" जान्हवीनं माईक पुढं केला.

"जांबं," तुळजाबाई म्हणाल्या.

"झांबिया!" जान्हवी ओरडली, आणि क्लबहाउसात टाळ्यांचा कडकडाट झाला.

रॅम्पच्या कडेला जपान उभा होता. जपान म्हणजे गौतमी, बी विंग, सहावा मजला. घरातल्या फुलाफुलांच्या चादरीचा तिनं किमोनो केला होता आणि वर ओढणी आवळून बांधली होती. झांबिया तिची सख्खी सासू होती.

सोसायटीच्या महिला दिनाला यंदा 'देशोदेशीच्या वेशभूषा' ठेवल्या होत्या. देश चिठ्ठ्या टाकून वाटले होते. स्कॉटलंडनं मुलीच्या शाळेचा चौकड्यांचा स्कर्ट कसाबसा चढवला होता. फ्रान्सनं नवऱ्याची टोपी तिरकी घालून भागवलं होतं. इजिप्तनं कानापर्यंत काजळ ओढून हॉलचा पडदा गुंडाळला होता. झांबिया कुणाच्याच चिठ्ठीत नव्हता. तुळजाबाई नुसत्या बघायला आल्या होत्या, कारण शैलेशनं फोनवर सांगितलं होतं, "आये, तुझी सून आज जपानी झालीया. बघून तरी ये." म्हणून त्या ठेवणीतलं हिरवं इरकली लुगडं नेसून, आडवं कुंकू लावून आल्या. दारात कुणीतरी म्हणालं, "आजी, लाइनीत या." तुळजाबाई लाइनीत उभ्या राहिल्या. लाइन कसली, हे विचारायची पद्धत त्यांच्या पिढीत नव्हती. माईक पुढं आला तेव्हा त्यांनी आपल्या गावाचं नाव सांगितलं, जांबं.

'अहो, या माझ्या सासूबाई.' एवढंच म्हणायचं होतं. गौतमीच्या घशात ते वाक्य सुपारीसारखं अडकलं.

ते आजचं अडकलेलं नव्हतं. सोसायटी सासऱ्यांनी विकलेल्या जमिनीवर उभी राहिली, त्या बदल्यात हा फ्लॅट मिळाला. तुळजाबाई मात्र भिंतीपलीकडच्या जुन्या घरात म्हशीजवळ राहिल्या आणि रोज सकाळी दूध घेऊन वर येऊ लागल्या. राहायला आल्याच्या पहिल्याच आठवड्यात समोरच्या फ्लॅटमधल्या मृण्मयीनं लिफ्टमध्ये विचारलं, "तुमच्या त्या दूधवाल्या मावशी आमच्याकडेही देतील का?" गौतमी खरं सांगणारच होती, तेवढ्यात सहावा मजला आला. "विचारते," ती म्हणाली. झालं. तेव्हापासून तुळजाबाई शेजारधर्म म्हणून मृण्मयीकडे अर्धा लिटर देऊ लागल्या, आणि गौतमी चांगली दूधवाली सापडलेली बाई झाली. त्याच ओघात तिचं कासारसाई धरणाकाठचं माहेरही सांगण्यापुरतं कोथरूडला हललं. धरणासकट.

तुळजाबाई रॅम्पवर निघाल्या. तिथं पूर्वी त्यांचं भाताचं खाचर होतं. त्या खाली बघत, बांधावरून चालावं तशा पावलापुढं पाऊल टाकत गेल्या.

"काय कॅटवॉक आहे!" परीक्षक बाई म्हणाल्या. "आणि कापड बघा, कुठं टाका नाही. आफ्रिकेत असंच गुंडाळतात. किती अभ्यास केलाय!"

पहिला नंबर स्कॉटलंडला गेला. दुसरा झांबियाला. तुळजाबाईंच्या गळ्यात लाल फीत आली.

सगळे देश फोटोसाठी गोळा झाले आणि नेमकी जपानची ओढणी सुटली. चादर घसरू लागली. तुळजाबाई पुढं झाल्या, गुडघ्यावर बसल्या, चादरीच्या निऱ्या खोचून ओढणी आवळू लागल्या.

"पावण्यांची चादर हाय गं," त्या हळूच म्हणाल्या. "फाडू नगंस."

"अय्या, गौतमी!" इजिप्त म्हणजे मृण्मयी मध्येच म्हणाली. "या तुझ्या दूधवाल्या मावशी ना? मी ओळखलंच नाही!"

सगळे देश वळून बघू लागले.

"हो," गौतमी म्हणाली. मग तोंडाला जास्तीची हौस आली. "थँक्यू हं मावशी."

गाठीवरचा हात थांबला. क्षणभरच. मग तुळजाबाईंनी गाठ पक्की ओढली आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"असू द्या, ताई," त्या म्हणाल्या. "तुमी नीट उब्या ऱ्हावा. फोटू काढत्यात."

लग्न झाल्यापासून त्यांनी गौतमीला 'गौतमे' सोडून दुसरी हाक मारली नव्हती.

फोटोत जपानची मान खाली आहे. ग्रुपवर सगळ्यांनी लिहिलं, किती ओरिजिनल, अगदी जपानी नमस्कार.

संध्याकाळी शैलेशनं विचारलं, "आय आलती का?"

"आल्या होत्या. दुसरा नंबर आला."

"तुजा?"

"झांबियाचा."

शैलेश पोट धरून हसला. पुढचं गौतमीनं सांगितलं नाही.

सकाळी बेल वाजली. तुळजाबाई कधी बेल वाजवत नसत. दार ढकलून आत येत, सोफ्यावर पाय घेऊन बसत आणि चहा उकळेपर्यंत म्हशीच्या तक्रारी सांगत. आज चपला लिफ्टपाशी काढलेल्या होत्या. सामानाच्या लिफ्टपाशी. त्या उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या.

"ताई, दूध."

चेहरा झांबियाचाच. थट्टा होती की नव्हती, कळायला मार्ग नव्हता.

नवीन नवरी असताना एकदा गौतमी दारातल्या सासूला म्हणाली होती, "आत्या, आत या." तेव्हा तुळजाबाई हसल्या होत्या, "येकदाच 'आत्या' म्हन की. दोन्ही कामं हुतील."

समोरचं दार उघडं होतं. मृण्मयी पातेलं घेऊन उभी होती.

गौतमीनं तोंड उघडलं. शब्द निघाला, पण दबक्या आवाजात, अर्धा गिळलेला.

"आत्‌या ना."

तुळजाबाईंनी कान दिला. वाट बघितली. दुसऱ्यांदा काही आलं नाही.

"किती छान वागतेस गं तू," मृण्मयी म्हणाली, "दूधवाल्या मावशींनासुद्धा आत बोलावतेस."

"ताई लई चांगल्या हायेत," तुळजाबाई म्हणाल्या. मोठ्या किटलीतून मृण्मयीचं अर्धा लिटर मापून झालं, गौतमीची लहान किटली त्यांनी उंबऱ्यावर ठेवली आणि चपला हातात घेऊन त्या सामानाच्या लिफ्टकडे गेल्या.

या किटलीचं झाकण नेहमी चिंधीनं बांधलेलं असे. आज त्याला लाल फीत होती. 'द्वितीय क्रमांक.' गौतमी ती सोडायला बसली. गाठ सुटेना.