दोर ढिला सोडा
घोड्यात खोट आहे, हे विकणाऱ्यानं तोंड उघडताच सांगून टाकलं. त्यामुळे ताईचा धाकटा भाऊ जरा हिरमुसलाच. घासाघीस कशी करायची याची सगळी तालीम त्यानं गाडीत करून ठेवली होती.

"पुढचा उजवा पाय," विकणारा म्हणाला. "खुराच्या वरचा सांधा. आत हाडाची एक बारीकशी कपची सुटलेली आहे. वाढत्या वयातच होतं असं. एक्स-रे तुमच्या या जनावरांच्या डॉक्टरांना दिलेत. आमचे हे राजे लंगडत मात्र नाहीत."

"तरीच म्हटलं, एवढं देखणं जनावर अजून कसं उरलं," भाऊ म्हणाला. "घोडं पेंड खातं ते इथं होय!"

ताई पन्नाशी ओलांडलेली बाई, घोडेस्वारीच्या शाळेत शिकवायची. तिची स्वतःची घोडी थकली तेव्हापासून ती रिंगणाच्या मधोमध पायी उभी राहून "टाच खाली, नजर वर" असं ओरडत होती. नवा घोडा शाळेसाठी हवा, असं ती घरी म्हणाली होती. खरं म्हणजे तिला पुन्हा एकदा स्वतः अडथळ्यांवरून उडी घ्यायची होती, आणि यानंतर आपल्यासाठी दुसरा घोडा नाही, हे वय तिला रोज सकाळी सांगायचं. आल्याआल्या ती या तपकिरी, चार वर्षांच्या पोरावर बसली होती. गुडघाभर उंचीची आडवी काठी त्यानं अशी ओलांडली, की उतरल्यावर तिला खोगिराचा पट्टा सोडायचंच भान राहिलं नाही.

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला, वाकून घोड्याचा उजवा पाय उचलला आणि सांधा दुमडून धरून ठेवला. दुमडलेला सांधा सोडला की घोड्याला लगेच दुडक्या चालीनं पळवायचं. आत काही दुखत असेल तर तेव्हा कळतं. दुखरा पाय जमिनीला लागला की घोडा डोकं वर उचलतो. म्हणून शेजारून पळवणाऱ्यानं दोर ढिला सोडायचा. डोकं मोकळं नसेल तर सगळंच झाकलं जातं.

"कोण पळवतंय?" डॉक्टरांनी खालूनच विचारलं.

विकणाऱ्यानं आपल्या पोटाकडे पाहिलं. "मी पळालो तर तपासायला मलाच घ्याल."

"मी पळवते," ताई म्हणाली.

फरसबंद अंगणातून ती टोकापर्यंत पळाली आणि वळून परत आली. खुरांचा ठेका सारखा पडला. डोकं अगदी स्थिर. भाऊ टाळीच वाजवणार होता.

डॉक्टर मात्र तिच्या हाताकडे पाहत होते. "ताई, दोर कुठं धरलाय?"

तिनं खाली पाहिलं. मूठ थेट घोड्याच्या हनुवटीखाली होती, बोटांची पेरं पांढरी पडली होती. असा धरू नये, हे तिनंच कितीजणांना रागावून शिकवलं होतं. आपण ढिला धरलाय, असं तिनं आत्ता शपथेवर सांगितलं असतं. मनाला नियम लावून घेता येतो. हात मात्र आपल्या इच्छेचं ऐकतो.

"पुन्हा दुमडा," ती स्वतःच म्हणाली.

या वेळी दोर सैल होता. उजवा पाय पडला की डोकं वर जाई. फार नाही, आणि अंगणाच्या टोकाला पोचेस्तोवर ते थांबलंही. पण होतं ते होतंच.

"थोडं आहे," डॉक्टर म्हणाले. "मऊ मातीवर, हलक्या कामात आयुष्य काढेल. शस्त्रक्रियेनं कपची काढताही येईल. उंच उड्यांचं वचन मात्र मी देणार नाही."

"मग झालं तर! हलकंच काम देऊ," भाऊ म्हणाला. "शाळेसाठीच हवाय ना?"

"शाळेसाठी नकोय रे. मला उडी घ्यायचीय."

"ते काय मला माहीत नाही होय? पण नाही घेतलीस उडी तर नाही. असा गुणी घोडा मिळतोय कुठं?"

ताईनं घोड्याच्या मानेवरचा घाम तळव्यानं निपटला.

"तो दाराशी आला की मी उडवणार त्याला. आज नाही, वर्षभर नाही, पण एखाद्या सकाळी तो छान चालेल आणि मला वाटेल, एवढीशी उडी काय करते. मग आणखी थोडी उंच. आत्ता तुम्ही सगळे बघत असताना माझी मूठ आवळली. तिथं तर बघायला कुणी नसेल."

"मी असेन की."

"तू? तू टाळ्या वाजवशील."

विकणाऱ्यानं घसा खाकरला. "बाई, असं कारण मला आजवर कुणी दिलं नाही. पायाला नावं ठेवतात लोक."

"पायाचा काय दोष? घोडा चांगलाच आहे. नुसतं फिरायला घोडा हवा असेल अशा कुणाला द्या त्याला. माझ्यासारख्या बाईला देऊ नका."

दोर विकणाऱ्याच्या हातात देऊन ती गाडीत जाऊन बसली. भाऊ स्टिअरिंगवर हात ठेवून तिच्याकडे वळला.

"मग आता गं?"

"आता काय? काढ गाडी. मुलं शिकायला येऊन खोळंबली असतील."