जिन्यावरची तपासणी

परिचारिकेने म्हाताऱ्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला आणि जिन्याकडे हात केला. चार मजले, कठडा न धरता, आपल्या चालीने. वरपर्यंत दम टिकला तर फुप्फुसाचा गाठ असलेला भाग काढता येईल, असं सर्जनने नुकतंच आपल्या खोलीत सांगितलं होतं. नुसतं वय बघून ते कुणाला नाही म्हणत नव्हते.

त्याच खोलीत, वडिलांच्या देखत, मुलगा म्हणाला होता की बाबांना बिछान्यापासून बाथरूमपर्यंत जातानाही धाप लागते. हे धादांत खोटं होतं. म्हातारा रोज सकाळी दूध आणायला पायी जायचा. पण तो मुलाकडे एकदा पाहून चष्मा पुसत बसला.

म्हाताऱ्याचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता. लिफ्ट बंद पडली की मला बोलावणं यायचं, त्यामुळे मी आपला कायम जिन्यानेच गेलो, हे त्याने परिचारिकेलाही ऐकवलं. ती हसली. म्हातारा एका लयीत चढत राहिला. मागे मुलगा मात्र घामाघूम झाला होता. वडील कधी थकतात याची आपण वाट बघतोय, हे त्याला कळत होतं आणि स्वतःची लाज वाटत होती. आईचं अंथरुणातलं दुखणं त्याने एकट्याने काढलं होतं. ऑपरेशननंतर पुन्हा ते सगळं त्याच्याने होणार नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर परिचारिकेला कुणीतरी हाक मारली. ती चार पावलं पुढे जाऊन बोलू लागली. म्हातारा थांबला.

"तुला झेपणार नसेल तर सांग," तो हळूच म्हणाला. "मी इथेच बसतो. दम लागला म्हणतो. कुणी तुला बोल लावणार नाही."

त्याच्या आवाजात राग नव्हता. इतकं चढूनही तो हे सगळं न अडखळता बोलला होता. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं मुलाला झालं.

परिचारिका वळली.

"काय आजोबा, दम लागला?"

म्हातारा पायरीवर टेकायला वाकला. मुलाने पुढे होऊन त्याचा दंड धरला.

"त्यांना नाही," तो म्हणाला. "मला लागलाय."

म्हाताऱ्याने दंड सोडवून घेतला.

"मग तू धर कठडा," तो म्हणाला आणि वर निघाला.