मागचा डावा कोपरा

"कारागीर मिळाला," असं नवऱ्याने शनिवारी सांगितलं, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. एरवी साधा नळवाला मिळाला तरी हा माणूस त्याची सात पिढ्यांची कुळकथा सांगतो. आणि आता नुसतं "मिळाला", पुढे तोंडात पाणी धरल्यासारखा गप्प.

आमची गाडी म्हणजे चाकांवरचं घरकुल. आत दोन बाकं, एक शेगडी, पाण्याची टाकी. मुक्कामाला थांबलं की दोन खटके काढायचे आणि छप्पर वर ढकलायचं. ते उचललं की त्याच्या चारी बाजूंनी जाड कापडाची कनात उभी राहते आणि वर दोन माणसं झोपतील एवढा माळा होतो. या कनातीला मागच्या डाव्या कोपऱ्याशी हातभर चीर गेली होती. तीन दुकानांनी हात वर केले. कापड सोडवायचं तर ते दाबून धरणाऱ्या पट्टीचे स्क्रू काढावे लागणार, आणि स्क्रू असे गंजलेले की हात लावला की तुटणार. नवी कनात घाला म्हणाले. ती बनवणाऱ्यांनी कधीच गाशा गुंडाळला होता.

रविवारी सकाळी फाटक वाजलं. खांद्याला पिशवी, हातात गुंडाळलेलं राखाडी कापड. ताई.

ताई म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. तंबू आणि ताडपत्र्या शिवणाऱ्या कारखान्यात पंचवीस वर्षं काढलेली. तिच्या हातची कनात वादळालाही फाडायची तर आधी परवानगी काढावी लागते, असं नवरा म्हणायचा. आणि ही चीर तिच्याच हातून पडली होती. त्यावरूनच आमचं बोलणं बंद झालं होतं. अकरा महिने.

मागच्या वर्षी तिने चार दिवसांसाठी गाडी मागितली. "आम्ही दोघं जाऊन येतो," म्हणाली. दोघं म्हणजे ती आणि दाजी. परत आली ती रात्री उशिरा; किल्ली दाराच्या कडीला अडकवून, बेल न वाजवता निघून गेली. महिन्याभराने आम्ही छप्पर उघडलं तर कनात फाटलेली, पाणी आत गेलेलं, गादीला बुरशी. मी तिथल्या तिथे फोन लावला. शब्दन् शब्द आठवतो मला.

"दोघं होतात ना, ताई? दोन माणसांना एक छप्पर धड बंद करता येत नाही? आणि फाटलं तर सांगायची तरी काही रीत असते. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं!"

पलीकडून नुसतं, "बरं." आणि फोन बंद.

शब्दाने शब्द वाढला असता तर परवडलं असतं. भांडण वाढतं तसं उतरतंही. इथे एका 'बरं'वर सगळं थिजलं. दर गुरुवारी संध्याकाळी येणारा तिचा फोन बंद झाला. गुरुवारी त्या वेळेला मी उगाच फोनच्या आसपास फडकं फिरवत राहायची. माझी चूक नव्हती, असं मी अकरा महिने स्वतःला सांगत होते. ज्याची चूक नसते त्याला इतक्यांदा सांगावं लागत नाही.

"या," मी म्हटलं.

"शिडी आहे का?" तिने भावाला विचारलं.

नवरा शिडी घेऊन धावला. वातावरण हलकं करायचं म्हणून म्हणाला, "आभाळच फाटलंय ताई, ठिगळ कुठे कुठे लावशील?"

"आभाळाला मागचा डावा कोपरा नसतो. याला आहे. धर शिडी, बारक्या."

बारक्याचं वजन आता नव्वद किलो आहे, पण ताईच्या तोंडी तो बारक्याच राहिला.

कापड सोडवता येत नाही म्हटल्यावर ते जागच्या जागी शिवायचं, आणि जागच्या जागी शिवायचं तर कनातीच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस हवा. बाहेरच्याने सुई आत घालायची, आतल्याने ओढून परत बाहेर द्यायची. आत बसायचा मान अर्थातच बारक्याचा. तो माळ्यावर चढला, माळ्याची फळी करकरली, आणि त्याचं डोकं छपराला असं आपटलं की गाडीच शहारली.

"उतर," ताई बाहेरून म्हणाली. "फाटलंय तेवढं पुरे."

"मग मी काय करू?"

"लांब उभा राहा. नाही तर जाऊन मेण घेऊन ये. दोऱ्याला लावायला."

"मेण आहे की तुझ्या पिशवीत."

"आणखी आण."

तो गेला. फाटकातून बाहेर पडताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, त्यावरूनच कळलं की मेण-बिण सगळं निमित्त. मी माळ्यावर चढले.

आत उन्हाने कापड उजळलेलं होतं, दुधी काचेतून पाहावं तसं. त्यावर ताईची सावली. डोकं, खांदा, कोपर. आमच्यामध्ये एका कापडाची जाडी. चेहरा दिसत नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याचं बरंच वाटलं.

चिरेच्या काठातून सुईचं टोक आलं.

"घे."

मी सुई ओढली, पुढच्या जागी टोचली, बाहेर ढकलली. "द्या" म्हणायचं की "घ्या" म्हणायचं, इतकं साधं काही सुचेना. "घ्या," म्हटलं.

अकरा महिन्यांनी आमच्यात एवढी देवाणघेवाण झाली. घे. घ्या. घे. घ्या. आठ-दहा टाक्यांनंतर शब्दांची गरज संपली. सुई जात-येत राहिली. मग बाहेरून हलकी गुणगुण ऐकू आली. कारखान्यात जड कापड ओढताना बायका हे म्हणायच्या, हाताला ठेका मिळावा म्हणून. ताईने ते आमच्या घरी कितीदा म्हटलं होतं, भाजी निवडतानासुद्धा.

*एक टाका घाली बाई, दुसऱ्याच्या गळ्यात,*
*धाग्याचं माहेर गं, कापसाच्या मळ्यात.*

दुसऱ्यांदा म्हणताना ती मध्येच थांबली. "हा दोरा नायलॉनचा आहे," म्हणाली. "याला कसलं आलंय माहेर."

कुणाला म्हणाली कोण जाणे. उत्तर द्यावं की नाही, या विचारात मी बोट जागेवरून हलवायला विसरले आणि सुई बोटात शिरली.

"आई गं!"

"ओरडलीस ते बरं केलंस. मला काय दिसतंय इकडून? रक्त आलं?"

"थेंबभर."

"कापडाला लावू नकोस. डाग जात नाही."

मला हसू आलं. ही अस्सल ताई. बोट तुटलं तरी आधी कापडाची चौकशी करणार.

पण बोटात सुई शिरली त्याला माझं बोट एकटंच कारण नव्हतं. मघापासून पाहत होते, बाहेरून येणारं टोक एका टाक्यासाठी तीन-तीनदा जागा शोधत होतं. इथे टोच, तिथे टोच, मग कुठे खरं भोक. पंचवीस वर्षांचा हात चुकत नसतो. चुकतात ते डोळे. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. नंबर काढायला मला यंत्र लागतं, पण नंबर आहे हे कळायला लागत नाही. मी माझा जवळचा चष्मा काढला, कनातीच्या खिडकीची चेन चार बोटं उघडली आणि बाहेर सरकवला.

"हे काय?"

"लावा."

"मला दिसतं."

"तुम्हाला दिसत असेल. सुईला दिसत नाही."

सावलीने हात उचलून काहीतरी नाकावर चढवलं. पुढचा टाका पहिल्याच फटक्यात बरोबर जागी आला.

"टोचून बोलायची सवय गेली नाही तुझी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

चीर टाचून झाली. आता वरून ठिगळ. तिने मापाने कापून आणलेलं कापड बाहेरून लावलं. जुनी कनात उन्हाने विटून राखेसारखी झालेली, ठिगळ गडद. "दिसणार हं," ती म्हणाली. "दिसू दे," मी म्हटलं. ठिगळाची कड आतून चाचपत, सुरकुत्या सारत माझा हात कोपऱ्यापर्यंत गेला, आणि तिथे मला काही रेघा दिसल्या.

छप्पर बंद करायचं तर आमच्या घरी दोघं लागतात. मी आत उभी राहून छपराचा पट्टा ओढते, नवरा बाहेरून फिरत फिरत फुगलेलं कापड तळहाताने आत सारतो. शेवटचा कोपरा आला की ओरडतो, "आलं, आलं, ओढ!" तो पट्टा आहे पुढे उजवीकडे. तो धरून उभ्या माणसाचा हात तीन कोपऱ्यांना कसाबसा पोचतो. मागच्या डाव्याला पोचत नाही. कापड छपराखाली चिमटतं ते तिथे, बाहेर कुणी नसेल तरच.

आणि कापडावर छपराच्या कडेच्या रबराच्या काळ्या रेघा होत्या. एक नव्हे. पाच. शेजारी शेजारी, वेगवेगळ्या जागी चिमटलेल्या. कुणीतरी छप्पर ओढलं होतं, कापड अडकलं, परत वर ढकललं, बाहेर येऊन सारलं, पुन्हा आत जाऊन ओढलं. पाच वेळा. सहाव्या वेळी जोर लावला.

मी त्या रेघांवरून बोट फिरवत राहिले. *दोघं होतात ना, ताई?*

"सुई दे," बाहेरून आवाज आला.

"ताई," मी म्हटलं, "त्या दिवशी बाहेर कोण होतं?"

सावली थांबली. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"कुणी नव्हतं."

"दाजी?"

"ते त्याच्या चार महिने आधीच गेले. दुसरीकडे राहतात. भांडण नाही, तंटा नाही. एके दिवशी म्हणाले, माझं इथे मन लागत नाही. पंचवीस वर्षं लागलं, मग लागेना. मी काय करू त्याला? मनाला काय खिळा मारता येतो?"

"आणि तुम्ही एकट्या गेलात. चार दिवस."

"बघायचं होतं, जमतं का. सगळं जमलं. गाडी चालवली, चहा केला, झोपही लागली. शेवटच्या सकाळी तेवढं छप्पर मिटेना." ती हसल्यासारखं काहीतरी करून थांबली. "कनाती शिवण्यात हयात गेली माझी. एक मिटवता आली नाही."

"मी फोनवर काय बोलले..."

"ऐकलं होतं मी. बहिरी नाही."

"मला माहीत नव्हतं हो."

"माहीत असतं तर बोलली नसतीस. तेच तर नको होतं. तू भांडतेस ते चालतं मला. हळू आवाजात बोलायला लागली असतीस, ताटात जास्तीचं वाढायला लागली असतीस, ते सोसलं नसतं. तेव्हा तरी."

"आणि आता?"

"आता सुई दे आधी. हात अवघडलाय."

मी सुई दिली. ठिगळाची दुसरी कड आम्ही कुणीच न बोलता शिवली, पण ते न बोलणं अकरा महिन्यांचं नव्हतं. शेवटची गाठ तिने बाहेरून मारली, मी आतून मेण चोळलं. एकाच वेळी, एकाच जागी; तिच्या अंगठ्याचा दाब कापडातून माझ्या अंगठ्याला लागत होता. मी अंगठा काढला नाही. तिनेही जरा उशिराच काढला.

मी खाली उतरले. ती शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसून माझ्या चष्म्यातून टाके तपासत होती. तो तिला अजिबात शोभत नव्हता. चेहरा वाळला होता. अकरा महिन्यांपूर्वी मी हे पाहिलं असतं, पण त्यासाठी मला फोन ठेवून तिच्या दारी जावं लागलं असतं.

"आणखी एक काम आहे," ती म्हणाली आणि पिशवीतून एक लांबलचक इलॅस्टिकचा पट्टा काढला. दोन्ही टोकांना आकडे, शिवण पक्की, तीन पदरी. "हा कनातीच्या बाहेरून मधोमध बांधायचा. छप्पर खाली येतं तसं हा कापडाला आपोआप आत ओढतो. एकट्या माणसालाही बंद करता येतं."

"कधी शिवलात?"

"गाडी परत केली त्याच आठवड्यात. द्यायचा राहून गेला."

आम्ही तो बांधला. मी आत जाऊन उभी राहिले, छपराचा पट्टा धरला. बाहेर कुणालातरी उभं करावं असं मनात आलं होतं, पण ओठांवर येऊ दिलं नाही. "लांब उभ्या राहा," मी आतून ओरडले, "हात लावू नका!" आणि ओढलं. छप्पर उतरत आलं, कापड चारी बाजूंनी शहाण्या मुलासारखं आत आलं. खटके लागले. बाहेर येऊन पाहिलं तर मागच्या डाव्या कोपऱ्यात कापडाचा धागासुद्धा बाहेर नव्हता.

तेवढ्यात नवरा आला. हातात मेणबत्त्यांचं अख्खं खोकं.

"मेण म्हणजे हेच ना?" त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ताईकडे. "झालं?"

"झालं," ताई म्हणाली. "बस जरा, बारक्या. तुला एक सांगायचंय." मग माझ्याकडे वळून, "तूही थांब. तुझ्यासमोरच सांगते."

"सांगा. पण आधी एक वस्तू आणते." त्या दिवशी तिने कडीला अडकवलेली गाडीची किल्ली मी घरात जाऊन आणली आणि तिच्या हातावर ठेवली. "पुढच्या महिन्यात आम्हाला गाडी लागणार नाही. तुम्ही घेऊन जा. कुठे जायचं ते ठरवा."

तिने किल्ली बोटांत फिरवली. चष्मा अजून नाकावरच होता, त्यामुळे तिचे डोळे होते त्यापेक्षा मोठे दिसत होते.

"आणि पुन्हा फाटलं तर?"

"फाटलं तर सांगायचं," मी म्हटलं.